हापशाचं आयतं पाणी

टीव्ही बघताना शिवकांता कधी कुणाच्या तोंडाकडं बघायची नाही. ती हात बघायची. नायिका ओक्साबोक्शी रडत असो, नाहीतर तिचा बाप गरजत असो, ही आपली पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात नजर लावून बसलेली. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं बाई, माणसांची तोंडं वर असतात!" तर म्हणाली, "तोंडाला बोलायला शिकवत्यात, वैनी. हाताला कोण शिकवतंय?"

चौसाळ्याला हायवेवर बसवणप्पाचं किराणा दुकान होतं. दुकानामागं त्यांचं घर आणि घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्याच्या. माझ्या नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि आम्ही त्या खोल्यांत राहायला आलो. मी लातूरची, तोंडाची फटकळ. शिवकांता ही बसवणप्पाची थोरली भावजय. दुकानापुढं तेव्हा रोज काहीतरी नवीन यायचं. आज थंड बाटल्यांचे क्रेट, उद्या पिवळी पाटी लावलेला फोनचा बूथ, परवा शांपूच्या पुड्यांच्या माळा. पण घरातल्या सुनांनी दुकानाच्या पुढच्या अंगाला पाय टाकायचा नाही, हा नियम काही बदलला नव्हता. चहा द्यायचा तर मधल्या पडद्याआडून कपबशी वाजवायची आणि खाली ठेवायची.

शिवकांताला गाड्या आवाजावरून कळायच्या. पाठ रस्त्याकडं असली तरी सांगायची, "ही बीडची. ही तुळजापूरची, आज उशीर झाला तिला." एवढ्या गाड्या ओळखणारी ही बाई त्यातल्या एकीतही बसत नव्हती. कपिलधारचं देवस्थान तिथून जवळच, बसवणप्पाच्या समाजाचं मोठं ठाण. यात्रेला अख्खं घर टेम्पो करून जायचं. ही घरी. कारण सासूचं कंबरेचं हाड मोडलेलं, म्हातारी खाटेवर, आणि तिला उठवायचं-बसवायचं तर शिवकांताच लागायची. दुसऱ्या कुणी हात लावला की म्हातारी शिव्या घालायची.

तेव्हा गावात नुकतंच केबल आलं होतं आणि दुपारी जुन्या काळची एक मालिका लागायची. जहागीरदाराची पोरगी आणि दिवाणाचा मुलगा. कंदील, पडदे, बग्गी, आणि दोघं एकमेकांशी बोलायचं नावच काढत नाहीत! मला वीट यायचा. नुसतं बघणंच चाललंय मेल्यांचं. एवढ्या वेळात माझ्या मावशीनं निम्म्या लातूरची लग्नं जुळवली असती. पण म्हातारीचा डोळा लागला की शिवकांता सुपात तुरीची डाळ घेऊन माझ्या खोलीत हजर. डाळ निवडायची म्हणून आलेय, असं दाखवायचं आणि टीव्हीपुढं बसायचं.

एकदा ती जहागीरदाराची पोरगी बग्गीतून उतरताना अडखळली. दिवाणाच्या मुलानं हात पुढं केला. धरला नाही हं, नुसता पुढं केला. ती बग्गीचा दांडा धरून आपली आपण उतरली. शिवकांताचे डाळीतले हात थांबले.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं? हात धरला कुठं त्यानं?"

"धरला न्हाई म्हणून तर झालं."

"आणि मग एवढं संगीत कशाला वाजवतात? बोट लागायच्या आधीच वाजंत्री!"

"तुमाला न्हाई कळायचं, वैनी. तुमचं लगीन झालंय."

"आणि तुझं नाही का झालं?" मी म्हटलं.

ती तोंडाला पदर लावून हसली. "झालंय की. नवरा तेवढा न्हाई."

नवऱ्याचं नाव वीरभद्र. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा हा दुकानाचा माल आणायला म्हणून सोलापूरला गेला आणि तिथंच एका बाईकडं राहिला. पहिल्यांदा लोक बघून यायचे, सांगायचे. पुढं तो तिथूनही हलला आणि पत्ताच राहिला नाही. शिवकांता ना सवाशीण ना विधवा. नवरा मेला असता तर पाट लागला असता, त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लागतं, जंगम पुरोहितांना बोलावून, चारचौघांत. नवऱ्यानं काडीमोड दिली असती तरी मोकळी झाली असती. पण काडी मोडायला नवरा समोर लागतो ना! माहेरी आई-बाप नाहीत, भाऊ म्हणतो, दिल्या घरी सुखी राहा. हे म्हणायला काय जातंय भावाच्या बापाचं?

सासू भागाबाई तोंडानं कडू. "ए भवाने, मेलीस का तिकडं?" ही तिची प्रेमाची हाक. पण वीरभद्र पळाला तेव्हा याच म्हातारीनं दुकानापुढं, भर बाजाराच्या दिवशी, बोटं मोडून सांगितलं होतं, "माझ्यालेखी त्यो मेला. सून मातर माझी हाय. तिला कोणी काय बोललं तर गाठ माझ्याशी हाय." आणि शेवटपर्यंत ते पाळलं. शिवकांता जेवल्याशिवाय म्हातारी घास तोंडात घालत नसे. दुधावरची साय स्वतःच्या वाटीत घ्यायची आणि न खाता वाटी उशाला सरकवायची. "घ्यून जा ती वाटी, मला पचत न्हाई," म्हणून खेकसायची. सायीच्या वाटीला शिवी देऊन माया करणारी ती एकच बाई मी बघितली. शिवकांताला एकदा ताप भरला तर ही मोडक्या कंबरेची बाई खाटेवरून उतरून ढुंगणावर सरकत सरकत तिच्या अंथरुणापाशी गेली आणि दिवसभर तिथंच बसली. उठवायला गेले तर मलाच म्हणाली, "कावून आलीस? तुझ्या नवऱ्याचं भाकर-कालवण बघ जा."

आता गुरुजी. शेटे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, बसवणप्पाच्याच समाजाचे, बायको बाळंतपणात गेलेली. समोरच्या गल्लीत एकटे राहायचे. अंगानं काटकुळे, बोलायला महाकंजूष. दुकानात यायचे तर दोन शब्दांत काम उरकायचे.

आमच्या बोळाच्या तोंडाशी हापसा होता. चौसाळ्याचं पाणी खोल. सकाळी पहिल्यांदा हापसायला जावं तर दांडा वरखाली करून हात मोडायची वेळ येई, नुसता खडखडाट, आणि पाणी यायचं नाव नाही. म्हणून बायका एकमेकींची वाट बघायच्या, पहिली कोण हापसते म्हणून. शिवकांताला मात्र म्हातारीचं उरकायचं असल्यामुळं सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता जावं लागायचं.

मी खिडकीत दात घासत उभी असायची. रोज बघायची, तर शिवकांता यायच्या जरासं आधी हे गुरुजी तांब्या घेऊन यायचे. बाह्या सावरायचे, हापसत बसायचे. खडखड, खडखड. पाणी यायला लागलं की तांब्याभर घ्यायचे आणि चालू पडायचे. मला वाटलं, बाई, काय अडाणी मास्तर आहे! एवढा घाम गाळायचा आणि बादली आणायची नाही? तांब्याभर पाण्यासाठी? मी नवऱ्याला सांगून हसलेसुद्धा.

मग शिवकांता यायची, घागर लावायची आणि पहिल्या दणक्याला पाणी.

हे माझ्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले. शिरलं तेव्हा मी तोंडात ब्रश तसाच धरून उभी राहिले. दुपारी ती डाळ घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "काय गं, तुझ्या हापशाला बरं आयतं पाणी येतंय!"

ती लालबुंद झाली. मग खाली मान घालून म्हणाली, "थंडीच्या दिसांपासून येतंय."

"बोललात का कधी दोघं?"

"काय बोलायचं? पाणी येतंय की."

आणि आता डाळीची गंमत ऐका. बसवणप्पाच्या डाळीत खडे असायचे, सगळं गाव बोंबलायचं. दुकानची डाळ कोण निवडत बसतंय? शिवकांता निवडायची ती घरापुरती. पण गुरुजी आठवड्याला डाळ न्यायचे त्या दिवशी आतून एक पुडा तयार असायचा. धाकटी जाऊ पडद्याआडून सरकवायची आणि बसवणप्पा न बघता देऊन टाकायचा. एक दिवस कासारगल्लीतली एक बाई दुकानात भांडायला आली, "बसवणप्पा, डाळ इकतो का मुरूम? दाढ हालली माझी!" गुरुजी शेजारीच उभे. हे एरवी मुके, पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मोठ्यांदा म्हणाले, "काहीतरीच काय बोलता? यांच्या दुकानाइतकी साफ डाळ बीडमध्ये मिळायची नाही." बाई गुरुजींकडं बघतच राहिली. बसवणप्पासुद्धा बघत राहिला, त्यालाही आपल्या डाळीचं एवढं कौतुक नवीनच होतं. पडद्यामागं शिवकांता भिंतीला टेकून, पोट धरून हसत होती. तिला तशी हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्या मालिकेतले दोघं निदान कधीमधी एका चौकटीत तरी यायचे. हे दोघं तेवढेही आले नाहीत. ती घरात, तो रस्त्यावर, मध्ये पडदा.

आखाडात बातमी आली. सोलापूरकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं दुकानापुढं चहा पिता पिता सांगितलं, की वीरभद्र तिकडं कर्नाटकात गाडीखाली सापडून गेला. त्यानं स्वतः बघितलं नव्हतं, दुसऱ्यानं बघितलेलं ऐकलं होतं. बसवणप्पा चौकशीला जाऊन आला, पण हाती काही लागलं नाही. ना मढं, ना कागद. तरी गावानं मानलं. गाव अशा गोष्टी पटकन मानतं.

आणि गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. तेही स्वतः नाही, जंगमस्वामींना पाठवलं. स्वामींनी बसवणप्पाला विचारलं, पाटाला तुमची काही हरकत? बसवणप्पा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "माझी ना न्हाई. पण आईनं मानलं पायजे. तिच्या मनानं त्यो जित्ता हाय."

म्हातारी बातमी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. शिवी नाही, हाक नाही. फक्त शिवकांताच्या हातांकडं बघायची, बांगड्या आहेत ना म्हणून. अडचण पुढंच होती. नागपंचमी आली होती. पंचमीला बांगड्यावाले चाचा घरी यायचे आणि घरातल्या सगळ्या सवाशिणी बांगड्या भरायच्या. शिवकांतानं भरल्या तर नवरा जिवंत, पाटाचा विषय संपला. नाही भरल्या तर तिनं चारचौघांत सांगितल्यासारखं होतं की तो गेला.

आदल्या दुपारी ती माझ्याकडं आली. टीव्ही लावायला गेले तर नको म्हणाली.

"वैनी, उद्या मी हात पुढं करणार न्हाई. बोलणार काय न्हाई. हात पदरात ठिवून नुस्ती बसणार."

"शाब्बास!" मी म्हटलं. "मी तुझ्या शेजारी बसते. कोण काय बोलतंय बघू."

तिनं माझा हात धरला. गार पडला होता तिचा हात, पण डोळे हसत होते. म्हणाली, "वडवणीच्या गाडीत बसायचंय मला. त्यांचं गाव तिकडंच हाय म्हणं."

पंचमीच्या सकाळी चाचा आले. अंगणात चटई टाकून बसले, बांगड्यांचे सर मांडले. धाकटी जाऊ बसली, शेजारच्या बसल्या, मी बसले. चाचांचं तोंड चालू, "हाथ ढिला छोडो बेटी, दगड केला तर कशी जाईल?" माझ्या झाल्या. शिवकांता माझ्या बाजूला, हात पदरात. सगळ्याजणी तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होत्या. चाचांनी पुढचा सर उचलला आणि थांबले. त्यांनाही बातमी कळली होती.

तेवढ्यात दाराशी घसटल्यासारखा आवाज आला. म्हातारी खाटेवरून उतरून सरकत आली होती. लुगडं मातीनं भरलेलं. आम्ही उठलो तर हातानंच "बसा" म्हणाली. सरकत सरकत शिवकांताच्या पुढ्यात येऊन बसली. मला वाटलं, आता ही आरडाओरडा करणार. मी कंबर कसली होती.

म्हातारी ओरडली नाही. म्हणाली, "पोरी, मीच खाल्लं गं त्याला. भर बाजारात म्हणले, मेला. माझीच जीभ काळी." नाकातोंडातून पाणी गळत होतं. "तू हात दे. तू हात दिलास तर त्यो हाय. न्हाईतर मी त्याला मारलं."

बोळाच्या तोंडाशी, हापशाजवळ गुरुजी उभे होते. हातात तांब्या नव्हता. त्यांना अंगणातलं सगळं दिसत होतं.

मी शिवकांताला कोपरानं ढोसलं. देऊ नकोस, म्हणून. मनातून ओरडत होते मी, देऊ नकोस गं बाई, म्हातारी चार दिवसांची सोबतीण! पण तिनं आधी पदरानं म्हातारीचं तोंड पुसलं. नाक, डोळे, हनुवटी, लहान लेकराचं पुसावं तसं. आणि मग दोन्ही हात चाचांच्या पुढं धरले.

"भरूं क्या, बेटी?" चाचांनी हळूच विचारलं.

"भरा, चाचा. हिरव्या भरा."

चाचांनी भरल्या. नुसता काचेचा आवाज. मी मान वळवून बघितलं तेव्हा हापशाजवळ कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी खिडकीत होते. शिवकांता घागर घेऊन आली. दांडा धरला. खडखड, खडखड. किती वेळ ती हापसत होती कोण जाणे, मला बघवेना, मी आत गेले.

गुरुजींनी वडवणीला बदली मागून घेतली. जायच्या दिवशी दुकानात आले, बसवणप्पाला म्हणाले, "येतो. तुमची डाळ फार चांगली असायची. घरात सांगा." बसवणप्पानं पडद्याकडं तोंड करून सांगितलं, "गुरुजी चाल्ले बरं का!" पडद्याआडून कपबशी वाजली. गुरुजी उभ्या उभ्या चहा प्याले, बशी पालथी घातली आणि गेले. शिवकांतानं आत कान लावून ऐकलं आणि मला म्हणाली, "वडवणीची लागली." बस सुटेपर्यंत ती हलली नाही.

मालिका तिनं पुन्हा बघितली नाही. मी बोलावलं की म्हणायची, "तुमी बघा, मला काम हाय." जहागीरदाराच्या पोरीचं शेवटी लग्न झालं. मी तिला सांगितलं नाही.

म्हातारीला मात्र सगळं ठाऊक होतं. आमची बीडला बदली झाली तेव्हा मी पाया पडायला गेले. शिवकांता पाण्याला गेली होती. म्हातारीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "त्या मास्तरनं दुसरी केली का गं?" मी म्हटलं, ऐकलं नाही बाई. तर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मी मेल्यावर तिला मोकळी कर, लातूरकरणी. त्यो जित्ता असला काय आन् न्हाई काय. माझ्या म्हागं नको ठिवू तिला हितं." मी कबूल केलं.

पुढं कधीतरी म्हातारी गेल्याचं कळलं. मी मनावर घेतलं. वडवणीच्या शाखेत माझ्या नवऱ्याचा मित्र होता, त्याच्याकडून चौकशी केली. गुरुजी तिथंच होते, अजून एकटे. कपिलधारला दर्शनाला जाते म्हणून मी घरातून निघाले आणि चौसाळ्याला उतरले. सगळं बोलणं मनात रचून ठेवलं होतं. बसवणप्पा ऐकत नसेल तर कसं झापायचं, तेसुद्धा.

दुकान ओळखू येत नव्हतं. बूथशेजारी झेरॉक्सचं मशीन, पुढं काचेचं कपाट. बसवणप्पा म्हणाला, "या या वैनी, आमच्या वैनी आत हायती." मी मागच्या दारानं आत गेले. म्हातारीच्या खाटेवर कुणीतरी पुरुष पडला होता. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. शिवकांता खाली बसून त्याला दूध-भाकरी भरवत होती.

"कोण गं हे?"

"हेच की," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही.

म्हातारीचे दिवस घातले आणि पुढच्याच महिन्यात एक जीप आली होती. सोलापूरच्या बाईच्या पोरांनी वीरभद्रला दुकानापुढं उतरवलं आणि जीप वळवून गेले. अर्धं अंग गेलेलं, बोलता येत नाही. ट्रकवाल्यानं सांगितलेला माणूस दुसराच कुणीतरी होता.

शिवकांता भाकरी बारीक कुस्करत होती. घास फुंकायची, हाताच्या पालथ्या बाजूला लावून बघायची, मग डाव्या हातानं त्याची हनुवटी धरून भरवायची. शेजारची एक नवी सून दारात आली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "बघा मावशी, किती जीव हाय नवऱ्यावर. एवढी वरसं वाट बघितली, देवानं आणून दिला." ती पोरगी गेली आणि मला राहवेना.

"शिवकांता, गुरुजी अजून एकटेच आहेत गं. वडवणीला. मी चौकशी करून आलेय."

तिचा घासाचा हात हवेतच थांबला. वीरभद्र तोंड उघडून घासाची वाट बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हळू बोला, वैनी. ह्यांना ऐकू येतंय."

त्याच्या ओठांवरून ओघळलेलं दूध तिनं बोटानं वर सारलं, घास पुन्हा एकदा फुंकला आणि म्हणाली, "आ करा."